नर्मदा परिक्रमा: गावात जेवलो तर पैसे द्यायचे का?

चालती_बोलती

यंदा कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने पायी परिक्रमा उचलायची, म्हणजे नदी न ओलांडता नर्मदेची पूर्ण फेरी सुरू करायची, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. दोघंही निवृत्त, गुडघे अजून साथ देतायत. बूट कुठले, सॅक केवढी, शूलपाणीच्या झाडीत (सातपुड्यातल्या जंगलपट्ट्यात) नेटवर्क मिळतं का, यावर इथे भरपूर धागे आहेत आणि ते सगळे वाचून काढलेत. माझा प्रश्न त्यात सापडला नाही.

नदी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ आणि धरणांचे वळसे धरले की चाल तीन हजारांच्या घरात जाते. या सगळ्या वाटेवर सकाळचा बालभोग, दुपारची भोजनप्रसादी, रात्रीचं आसन हे कुणाच्या तरी ओसरीवर, देवळात नाहीतर आश्रमात. शिजवून घालणं जमत नाही ते सदाव्रत देतात: पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची. सगळं फुकट. पैसे पुढे केले तर लोक दुखावतात, असं जो भेटतो तो सांगतो.

पण आम्हाला पेन्शन आहे. ज्याच्या घरी आम्ही जेवणार त्याला ती नाही. हे मनाला पटत नाही. तर पैसे द्यावेत का? दिले तर कसे, कुणाला?

श्रद्धा-अंधश्रद्धा हा वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

---

बाकावरचा_शेवटचा

वाद दुसऱ्या धाग्यावर म्हणालात म्हणजे तो आता इथेच होणार. बसलोय.

---

मैयाकिनारे

नर्मदे हर!

ताई, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर सोपं आहे. देऊ नका. तिथला माणूस तुम्हाला वाढत नाही, मैयाला वाढतो. तुम्ही फक्त तिच्या पाण्याची शिशी घेऊन चाललेले असता. त्याच्या हातावर शंभराची नोट ठेवलीत की त्याच्या सेवेचं तुम्ही बिल केलंत. मंडलेश्वरच्या पुढे एका घरी आमच्यातल्या एकाने निघताना पाटाखाली पैसे ठेवले होते. तो घरमालक सायकलवर पुढच्या गावापर्यंत मागे आला आणि सगळ्यांदेखत परत देऊन गेला. तोंडाने एक अक्षर बोलला नाही.

द्यायचंच असेल तर वाट ठरलेली आहे. कन्यापूजन करा. परिक्रमा पूर्ण झाली की कढाई करा, म्हणजे शिरा करून मैयाला नैवेद्य आणि मग सगळ्यांना वाटप. आश्रमात दानपेटी असते. आणि माघ शुद्ध सप्तमीला, नर्मदा जयंतीला, जिथे असाल तिथे भंडारा असतोच, त्यात हातभार लावा. भाज्या चिरा, भांडी घासा. आपल्याकडची शिकलेली माणसं पैसे पटकन काढतात, भांडी घासायला उठत नाहीत.

---

प्रश्नचिन्ह

म्हणजे महिना पन्नास-साठ हजार पेन्शन घेणाऱ्याने कोरडवाहू शेतकऱ्याच्या दारात 'नर्मदे हर' म्हणून उभं राहायचं, त्याचं पीठ खायचं, आणि 'माझा अहंकार गेला' असं घरी येऊन पुस्तकात लिहायचं. तुमचा अहंकार घालवायला त्याची ज्वारी का खर्च व्हावी?

---

मैयाकिनारे

@प्रश्नचिन्ह, चालून आलात तर बोलू.

---

प्रश्नचिन्ह

चालून न येता प्रश्न विचारायला बंदी असेल तर तसं धाग्याच्या वर लिहा.

---

निमाडकर

आमचं घराणं खरगोन जिल्ह्यातलं, चार पिढ्या इथेच. घरात मराठी, बाजारात निमाडी. दोघांनी जरा दमानं घ्या.

'नर्मदाकाठचं गाव' असं एकच गाव नाही. आमचा निमाड, म्हणजे खरगोनचा हा पट्टा, पाण्याचा आहे. कालवे आलेत, गहू-कापूस होतो, बेडियाची मिरची देशभर जाते. इथल्या गावात दहा परकम्मावासी (परिक्रमावासी) जेवले तर कुणाच्या पोटाला चिमटा बसत नाही. उलट सकाळपासून कुणी आलं नाही तर आजी पोराला रस्त्यावर पाठवते, 'बघ रे, कुणी दिसतंय का'. एका गल्लीतून दोन घरं एकाच बाबाजीला ओढतात. सदाव्रतासाठी वेगळी काढलेली जमीन असलेली घरंही आहेत. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, १७६७ ते १७९५ राज्य केलं, घाट बांधले, अन्नछत्रं घातली, आणि इथल्या लोकांना ती परंपरा आपल्या घरची वाटते. इथे पैसे काढलेत तर मैयाकिनारे म्हणतात तेच होईल.

पण बडवानी सोडली आणि वाट सातपुड्यात शिरली की हे सगळं बदलतं. तिथलं मी बोलू नये, तिथलं कुणी असेल तर बोलावं.

अवांतर: ओंकारेश्वरचं मुख्य मंदिर बेटावर आहे. परिक्रमेत असताना नदी ओलांडायची नाही, म्हणून ते दर्शन शेवटी, जल चढवताना, म्हणजे शिशीतलं पाणी देवाला वाहताना. निघताना ममलेश्वर. नवीन मंडळी पहिल्याच दिवशी पुलावर जातात आणि मग हळहळतात.

---

एकटीच

वाचतेय. पैशांचं माहीत नाही, पण बायकांसाठी एक सांगते. मंडला-दिंडोरीच्या पट्ट्यात गोंड वस्त्या आहेत, घरं लांब लांब, दिवसभर माणूस दिसत नाही. मी तिथे एकटी चालले. संध्याकाळी जे घर दिसलं तिथे गेले, घरातल्या बाईने आधी पाय धुवायला पाणी दिलं आणि मग नाव विचारलं. मला 'माताराम' म्हणायचे, वय काय माझं! पुरुषांना बाबाजी, बायकांना माताराम किंवा मैयाजी. अमरकंटकला पौषात थंडी मरणाची असते, गोधडी तिथल्याच घरातून मिळाली. सकाळी ती घडी करून ठेवली तेव्हा लक्षात आलं की घरात गोधड्या दोनच होत्या.

---

शाळेतल्या_बाई

निमाडकरदादांनी विचारलं म्हणून लिहिते. मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात शिक्षिका आहे, माहेर-सासर दोन्ही इथलंच. हा धागा माझ्या एका विद्यार्थ्याने पाठवला, तो पुण्यात शिकतो.

तुमच्या लेखांत आमची गावं फार 'शांत' असतात. पक्ष्यांचे आवाज, धुकं, मोकळी अंगणं. ती शांत का असतात ते सांगते. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, बारडोली, सुरतकडे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको कोयता घेऊन जातात, लहान पोरं बरोबर. होळीच्या आधी परत येतात, कारण होळी आमचा मोठा सण, काठीच्या राजवाडी होळीला सगळा सातपुडा लोटतो. आता तुमची परिक्रमा कधी? कार्तिकी एकादशीला उचलली की मार्गशीर्ष-पौषात तुम्ही आमच्याकडे. म्हणजे कमावती माणसं गेली की तुम्ही येता. घरी म्हातारा, म्हातारी, एखादी गरोदर सून आणि शाळेची दोन पोरं. त्या म्हातारीच्या ओसरीवर रात्री वीस-पंचवीस जण.

ती नाही म्हणत नाही. म्हणणारही नाही. आमच्यात दारात आलेल्याला उपाशी लावत नाहीत, मग तो परिक्रमावासी असो की मोजणीवाला. पहाटे चारला उठून ती चूल पेटवते. मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर, उडदाची डाळ. पाणी खालच्या झऱ्यावरून हंड्याने. माणशी एक बादली आंघोळीला लागली तर तिच्या किती खेपा होतात ते मोजा.

आणि 'मामा लुटतात' (मामा म्हणजे झाडीतले आम्ही आदिवासी) या गोष्टी. ते झालं, नाही असं नाही. आमच्याच वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलंय, परिक्रमावासीयांचे कपडेसुद्धा काढून घ्यायचे. पण गेली कित्येक वर्षं तीच माणसं, त्यांचीच मुलं तुम्हाला चहा पाजतायत आणि तुम्ही चहा पिता पिता त्यांच्याच पोराला विचारता, 'तुमच्याकडे लुटायचे ना?' माझ्यासमोर विचारलंय एकाने. पोरगा सहावीत होता.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पैसे द्या. मैयाकिनारे रागावतील. पण आमच्या डोंगरात द्या, आणि नीट द्या. पोरांच्या हातात नोटा देऊ नका, गोळ्या-चॉकलेटं तर अजिबात नको. गेल्या काही वर्षांत पोरं रस्त्यावर हात पसरून उभी राहायला लागली आहेत, ती तुम्ही शिकवलीत. जुने कपडे नकोत. घरच्या बाईच्या हातात, घरात जाऊन, बाकीच्यांना न दाखवता द्या. किंवा सामान द्या. धडगावच्या बाजारातून जाताना दोन-चार किलो काही घेऊन चला, संध्याकाळी ज्या घरी थांबाल तिथे ठेवा. सामान घ्यायला कुणी लाजत नाही.

---

चालती_बोलती

बाई, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी पुन्हा पुन्हा वाचला. ऊसतोडीचा आणि परिक्रमेचा काळ एकच, हे एवढी पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून कुठे कळलं नव्हतं. सामानाचं पक्कं. काय आणि किती ते शेवटी विचारते.

---

मैयाकिनारे

रागावलो नाही. शाळेतल्या बाई म्हणतात ते त्यांच्या भागापुरतं मान्य. मी झाडीतून गेलो तेव्हा एका पाड्यावर भाकरी खाल्ली होती, घरात कोण कोण आहे हे विचारायचं सुचलं नाही. मात्र निमाडात आणि गुजरातच्या आश्रमांत हाच नियम लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

---

नकाशेवाला

हा भार एकाच पट्ट्यावर का पडतो याचं एक कारण नकाशात आहे.

जुन्या वर्णनांत वाट काठाकाठाने जाते. आता मध्ये पाणी आहे. इंदिरा सागर धरणाने २००४ मध्ये हरसूद हे अख्खं शहर घेतलं. तिथे दोन्ही तटांवर मोठा वळसा पडतो आणि नदी दिवसच्या दिवस दिसत नाही. बडवानीजवळच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थींचं स्मारक होतं, ते जुलै २०१७ मध्ये बुडीताच्या धास्तीने हलवलं. सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत पहिल्यांदा भरलं ते सप्टेंबर २०१९ मध्ये. महाराष्ट्राचं मणिबेली हे त्यात आधी गेलेलं गाव, त्याच्याजवळचं जुनं शूलपाणेश्वर मंदिरही गेलं. आजचं मंदिर गुजरातेत गोरा गावात आहे, नवं बांधलेलं. उत्तर तटावरचं हापेश्वरचं जुनं देऊळ पाण्याखाली.

काठची वाट गेली म्हणून लोक वर सरकले. काठची सुपीक गाळाची जमीन बुडाली म्हणून गावकरीही वर सरकले. आता भादल, बिलगाव, धडगाव, मोलगी, वडफळी, माथासर या डोंगरपट्ट्यात दोघांची गाठ पडते. ज्याची नदीकाठची शेती गेली त्याच्याच उतारावरच्या तुकड्यातली भाकर आपण खातो. बिलगावला धबधब्यावर लोकांनी श्रमदानाने छोटा वीजप्रकल्प उभा केला होता, तोही पुढे धरणाच्या फुगवट्यात गेला.

डोंगर नको असणारे खेतियावरून शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे सपाटीने जातात. प्रकाशाला तापीचं दर्शन होतं, रस्ता डांबरी. तापीचं खोरं असल्याने नर्मदा दूर राहते म्हणून जुनी मंडळी नाक मुरडतात. पण वय झालेल्यांनी या वाटेचा विचार करावा, आणि गर्दीच्या महिन्यात इतरांनीही. तिथली गावं मोठी आहेत, बाजारपेठ आहे, वीस माणसं झेपतात.

---

बाकावरचा_शेवटचा

वाद ऐकायला बसलो होतो, भूगोल शिकून उठलो. नकाशेवाला, वेगळा धागा काढा हो.

---

प्रश्नचिन्ह

नकाशेवाला आणि शाळेतल्या बाई यांचे प्रतिसाद उत्तम. आता उरलेला प्रश्न. 'गर्दी झाली' अशी तक्रार प्रत्येक जण करतो, पण ती गर्दी म्हणजे कोण? आपणच. जिकडे पाहावं तिकडे मराठी माणूस. परत आला की पुस्तक, नाहीतर यूट्यूब चॅनेल, 'या या, काही खर्च येत नाही' म्हणून. खर्च येतो. तो दुसरा करतो.

---

निमाडकर

हे खरं आहे. आमच्याकडे आश्रमात मराठी पाट्या दिसायला लागल्यात. २०१७-१८ मध्ये दिग्विजय सिंह यांनी पायी परिक्रमा केली, तेव्हापासून राजकारण्यांनाही ही वाट ठाऊक झाली. गाडीने फिरणाऱ्यांच्या बसगाड्या वेगळ्याच. ते लॉजमध्ये राहतात, घाटावर येतात, दिवे आणि द्रोण सोडतात, पिशव्या टाकून जातात. पायी चालणारा निदान साबण लावून नदीत उतरत नाही.

एक मात्र प्रश्नचिन्ह यांना सांगतो. भिक्षेची प्रथा पेन्शनवाल्यांनी काढलेली नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस चालणारे साधू, चातुर्मासात एका जागी थांबणारे, जवळ काहीच नसणारे, त्यांच्यासाठी गावांनी ही सोय केली. अजूनही असे येतात. शहरी माणूस त्यांच्या ताटात जेवतो. म्हणून जागा मिळाली तर आधी त्यांना द्यावी, आश्रम भरला असेल तर आपण पुढच्या गावात जावं.

---

एकटीच

+१. दिंडोरीकडे एक म्हातारे साधू चार दिवस माझ्या पुढे-मागे चालत होते. त्यांच्याकडे स्वतःची ताटली होती, स्वतःचं पीठ होतं. गावात फक्त विस्तव मागायचे. दोन टिक्कड (जाड रोट्या) भाजले की झालं. मी विचारलं तर म्हणाले, 'इस तरफ के लोग खुद भूखे हैं।'

---

बाकावरचा_शेवटचा

यावर काय लिहिणार.

---

मैयाकिनारे

ज्यांना पाच-सहा महिने काढता येत नाहीत पण एकदा चालून बघायचंय, त्यांनी चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा करावी. गुजरातेत रामपुरा ते तिलकवाडा आणि परत, एका दिवसात होते. नदी तिथे उत्तरेला वळते म्हणून त्याचं महत्त्व. अलीकडे तिथेही रविवारी पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मधला वार बघा आणि पहाटे अंधारात निघा.

आणि चालती_बोलती ताई, शूलपाणी ओलांडून गोऱ्याला उतरलात की एकदम वेगळं जग लागेल. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा, रुंद रस्ते, पर्यटक. तिथून राजपिपळा, अंकलेश्वर, विमलेश्वर हा पट्टा बराचसा आश्रमांचा, तिथे कुणाच्या घरावर भार पडत नाही. विमलेश्वरहून नावेने समुद्र ओलांडून उत्तर तटाला लागलात की नारेश्वर, गरुडेश्वर. गरुडेश्वरला दत्तभक्त टेंबे स्वामींची समाधी, १९१४ ची. मराठी माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. अशा संस्थांमध्ये दानपेटीत मोकळ्या हाताने टाका, पावती घ्या. तिथे दिलेलं कुणाला लागत नाही.

---

चालती_बोलती

खूप आभार सगळ्यांचे. ठरलेलं लिहिते, चुकत असेल तर सांगा.

निमाडात पैसे काढायचे नाहीत, कामाला हात लावायचा. बडवानीच्या पुढे घरातल्या बाईच्या हातात गुपचूप द्यायचे किंवा सामान न्यायचं. आपापली ताटली-वाटी बरोबर, धुवायची आपणच. आंघोळ नदीवर किंवा ओढ्यावर मिळाली तर, नाहीतर एक दिवस नाही केली तरी चालेल (ह्यांना हे फार आवडलंय). आश्रम भरला तर पुढे चालायचं. पोरांना काही वाटायचं नाही, 'मामा' हा विषय काढायचा नाही. मार्गशीर्षातली गर्दी टाळायला आम्ही उशिरा, पौषात निघायचा विचार करतोय.

दोन प्रश्न राहिले. विमलेश्वरची नाव कशी मिळते? आणि बाई, धडगावातून नेमकं काय घेऊ? पीठ की धान्य?

---

नकाशेवाला

नाव भरतीच्या वेळेवर सुटते. कधी रात्री दोनला उठवतात, कधी दुपारी. यादीत नाव नोंदवून थांबायचं, एखादा मुक्काम वाढू शकतो. पुढे मिठी तलाईला, दहेजच्या बाजूला उतरवतात. काही तास लागतात, नावेवर सावली नसते, टोपी आणि प्यायचं पाणी हाताशी ठेवा. शिशीतलं जल सॅकच्या तळाशी घालू नका, संगमावर लागतं.

पौषात निघणार असाल तर एक हिशोब करा. उत्तर तटावर नेमावर-बुधनीच्या पुढे वैशाखाचं ऊन सापडेल, आणि आषाढीला चातुर्मास लागेल. एकतर रोजची चाल वाढवा, नाहीतर चातुर्मासात थांबायची तयारी ठेवा.

---

चालती_बोलती

बाप रे. चातुर्मासाचा विचारच केला नव्हता. मुलीला सांगते, दिवाळीपर्यंत वाट बघू नकोस म्हणून.

---

शाळेतल्या_बाई

पीठ नको, मका-ज्वारी घरची असते. तूरडाळ आणा आणि गोडं तेल. चहापत्तीही चालेल. साखर सगळेच आणतात.

आणि होळीच्या सुमारास आमच्या बाजूला असलात तर शाळेत या. तेव्हा गाव भरलेलं असतं.